सरासरीतला माणूस कोणी पाहिलाय का?

‘साठीला सरासरी माणसाकडे एवढी पुंजी असते, तुमच्याकडे आहे का?’ असले तक्ते हल्ली आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सतत फिरतात. निम्मे लोक धास्तावतात, उरलेले निर्धास्त होतात. माझ्या मते दोघंही फसतात.

बाणेरच्या कट्ट्यावर दहा आजोबा बसलेत असं धरा. नऊ जणांकडे प्रत्येकी १० लाख. दहाव्याने वडिलोपार्जित जमीन बिल्डरला दिली, त्याच्याकडे ५ कोटी. सरासरी निघते ५९ लाख. आता त्या कट्ट्यावर ५९ लाखवाला शोधून दाखवा! रकमेप्रमाणे रांग लावून मधला माणूस पाहिला, तर त्याच्याकडे १० लाखच.

अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत हेच दिसतं. निवृत्तीसाठी खातं असलेल्या कुटुंबांची सरासरी सुमारे ३ लाख ३४ हजार डॉलर, पण मधल्या कुटुंबाकडे ८७ हजार. आणि जवळपास ४६ टक्के कुटुंबांकडे असं खातंच नव्हतं. ती या दोन्ही आकड्यांत धरलेलीच नाहीत.

आपल्याकडे उलटी गंमतही होते. २०१४ मध्ये यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) येण्याआधी नोकरी बदलली की पीएफचं नवं खातं निघायचं. जुनं कोण वर्ग करत बसतो? प्रत्येक खात्यामागे सरासरी काढली, की चार कंपन्या फिरलेला एक माणूस चार गरीब माणसं म्हणून मोजला जातो.

आमच्या शेजारचे काका भोसरी एमआयडीसीतून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरला त्यांच्या हयातीच्या दाखल्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून पासबुक पाहिलेलं आहे. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, पेन्शन महिना २,३००. या पेन्शनचं सूत्रच असं आहे, की पगार १५,००० पर्यंतच धरायचा, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. म्हणजे ३५ वर्षं घासूनही साडेसात हजार. किमान पेन्शन २०१४ पासून हजारावर अडकलंय. काकांच्या माघारी काकूंना साधारण निम्मंच मिळणार. पण राहता फ्लॅट धरून मालमत्ता मोजणाऱ्या तक्त्यात काका चांगले श्रीमंत ठरतात. बीपीच्या गोळ्या आणायला फ्लॅटची बाल्कनी मोडता येत नाही, एवढीच अडचण!

काकांच्या हातात १० लाख आहेत. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० येतात, म्हणजे महिन्याला ६,८३३. पेन्शन धरून ९ हजारांच्या आसपास. काकूंच्या वहीत दूध, गॅस, मेंटेनन्स, औषधं मिळून खर्च १८ हजार. मधले ९ हजार मुलगा पाठवतो. त्याचं काही बिनसलंच, तर फ्लॅट भाड्याने देऊन गावी जायचं, हे काकूंनी ठरवून ठेवलंय. काकांना अजून सांगितलेलं नाही, आणि काका फेसबुकवर नाहीत म्हणून इथे लिहितोय.