सांडायचंच तर समुद्रात सांडा

तेल सांडायचंच असेल तर माझ्यासारखं पाच लिटर सांडू नका. माणूस कायमचा फसतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन चैत्रात इंजिनात डिझेल भरताना माझ्या हातून कॅन कलंडला. काळ्या जमिनीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा असतात. डिझेल धुऱ्याच्या भेगेत शिरलं आणि सकाळी शेजाऱ्याच्या विहिरीवर मोरपिसासारखे रंग तरंगायला लागले. संध्याकाळी पारावर सरपंचबाई, पोलीस पाटील, तंटामुक्तीचा अध्यक्ष सगळे हजर. अर्ध्या तासात निकाल: विहीर दोनदा उपसायची, माझ्याच मोटारीनं. पाणी चांगलं होईपर्यंत त्याच्या जनावरांना टँकर, माझ्याच पैशानं. व्यापाऱ्यानं नाक मुरडलेला फरदड कापूस घरात पडून होता, त्याची दोन गाठोडी दोरानं विहिरीत सोडली. कच्चा कापूस तेल पितो आणि पाण्याला लवकर शिवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या मालाला तेवढाच काय तो भाव आला.

माझी चूक एकच झाली. सांडलं तेव्हा मी तिथं माझ्या स्वतःच्या नावानं उभा होतो. तुम्ही असं करू नका.

सगळ्यात आधी झेंडा बघा, म्हणजे जहाज कुठल्या देशात नोंदवायचं ते. १९६७ मध्ये 'टोरी कॅन्यन' नावाचं जहाज कॉर्नवॉलजवळच्या खडकावर चढलं, आत लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल. मालकी बर्म्युडातल्या कंपनीची, झेंडा लायबेरियाचा, कॅप्टन इटलीचा, भाड्यानं घेतलेलं ब्रिटिश कंपनीनं. ब्रिटिश सरकारला काही सुचेना, त्यांनी त्या जहाजावर विमानांतून बॉम्ब टाकले. आणि मालक? ते अमेरिकेतल्या कोर्टात गेले. तिथल्या जुन्या कायद्याप्रमाणे अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरते तेवढीच मालकाची जबाबदारी. उरली होती एक होडी. किंमत ५० डॉलर. विहिरीच्या वेळी हा कायदा मला ठाऊक असता तर मी पारावर रिकामा कॅन ठेवला असता आणि म्हटलं असतं, घ्या, एवढीच माझी जबाबदारी.

ब्रिटिशही काही कमी नव्हते. त्याच मालकांचं दुसरं जहाज सिंगापूरला लागलं तेव्हा ब्रिटिश सरकारच्या वकिलानं वर चढून नोटीस डोलकाठीला चिकटवली. आपल्याकडे पिकात तोंड घालून एक बैल पळाला तर जोडीचा दुसरा धरून कोंडवाड्यात घालतात, तसलाच प्रकार. ही खोड अजून गेलेली नाही. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ लायबेरियाच्याच झेंड्याचं एक जहाज बुडालं, तेव्हा केरळ सरकारनं ९,५३१ कोटींचा दावा ठोकला आणि हायकोर्टानं त्याच कंपनीचं दुसरं जहाज विळिंजमला अडवून धरलं. तेव्हा एका नावावर दोन बैल ठेवू नका.

एवढं करूनही सापडलात तर अपील करा. धुऱ्याच्या दाव्यात आजोबा वारतात, बाप म्हातारा होतो आणि नातू तारखेला जातो, हे आपण पाहतोच. पण आपण हौशी माणसं. हे काम कसं करतात ते 'एक्झॉन वाल्डेझ'कडून शिकावं. २४ मार्च १९८९ ला अलास्कात हे जहाज खडकावर गेलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. १९९४ मध्ये ज्यूरीनं ५०० कोटी डॉलरचा दंड ठोकला. कंपनी अपिलात गेली, मग पुन्हा अपिलात. २००८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तो ५० कोटी ७५ लाखांवर आणला. तोवर हजारो अर्जदार वारले होते. कॅप्टनला ५० हजार डॉलर दंड आणि हजार तास समाजसेवा. ज्या हेरिंग माशांवर तिथल्या कोळ्यांची घरं चालत, ते सांडल्यानंतर चार वर्षांनी अचानक संपले. तेलानंच संपले का, यावर वाद घालायला शास्त्रज्ञांना अजून सवड आहे, मासे मात्र पूर्वीसारखे आलेले नाहीत. विसाहून जास्त वर्षांनीही तिथल्या किनाऱ्यावर दगड उचलून वीतभर खणलं की खड्ड्यात काळं तेल झिरपायचं.

जहाजाला त्या खाडीत परत यायला कायद्यानं बंदी झाली. मग त्याचं नाव बदललं, पुन्हा बदललं, असं करत करत भलत्याच नावानं ते २०१२ मध्ये आपल्या गुजरातेत अलंगला तोडायला आलं. अलंगचं लोखंड वितळून कुठं कुठं जातं कोण जाणे. माझ्या नव्या वखराची पास त्यातलीच असेल असा मला दाट संशय आहे, कारण ती सरळ चालतच नाही.

भरपाई देण्याची वेळ आलीच तर कागद मागा. हा उपाय आपल्याकडे प्रत्येक अतिवृष्टीनंतर सिद्ध होतो: पंचनामा झाला का, ई-पीक पाहणी केली का, आधार लिंक आहे का. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, ११ कामगार गेले, ८७ दिवस तेल वाहत राहिलं. तिथल्या लहान कोळ्यांचा धंदा रोखीचा. त्यांनी पावत्या कुठून आणायच्या? समुद्राचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो? कंपनीनं सरकारांशी २,०८० कोटी डॉलरची तडजोड केली. आकडा ऐकून हबकू नका. कायद्याचा म्हणून जो दंड होता तो त्यात ५५० कोटींचा. उरलेल्यातला मोठा भाग धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा होण्यासारखा होता. कोंडवाड्याची पावती अशी कुठं वजा होते का, विचारून बघा. तुरुंगात एकही माणूस गेला नाही. कंपनीचे मुख्य साहेब तेल वाहत असतानाच म्हणाले होते, मला माझं आयुष्य परत हवंय.

आपल्या देशात मात्र जरा जपून. दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीच्या खटल्यात १९८६ मध्ये न्या. भगवती सांगून बसलेत की धोक्याचा धंदा करून नफा घेणाऱ्यानं नुकसानही भरायचं, दैवी आपत्ती वगैरे सबब चालणार नाही. २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या जहाजापायी हरित लवादानं पाच वर्षांनी शंभर कोटींचा हुकूम काढला. म्हणजे कायदा आहे. पण २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा किनाऱ्यावरचा काळा चिखल माणसांनी बादल्यांनी उपसला. मी विहिरीवर वापरल्या, तसल्याच बादल्या.

आणि विहिरीचं म्हणाल, तर दोनदा उपसली, वर दोन पावसाळे गेले. तरी शेजाऱ्याच्या शेतात पाणी मागितलं की वहिनी गडवा भरतात, नाकाजवळ नेतात आणि माझ्याच हातात देतात.

"पयले तुमी प्या, भाऊजी."

मी पितो. बर्म्युडात कंपनी काढायला काय खर्च येतो, कुणाला माहीत असल्यास कळवावं.