सॅक हलकी, खांदे जड

इंदूरच्या बाजारात पाठीवरची सॅक पाहायला गेले की दर वेळी तोच संताप होतो. वजनाला अगदी हलकी आहे, असे दुकानदार ठासून सांगतो, लेबलवर किती सामान मावते याचा ५० लिटर हा आकडा ठळक छापलेला असतो, पण रिकाम्या सॅकचे वजन किती ग्रॅम, हे कुठेच लिहिलेले नसते. ओंकारेश्वराहून पायी नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांना किंवा पचमढीच्या डोंगरांत मुक्काम करत भटकणाऱ्यांना ही साधी माहिती मिळायला नको का?

त्याहून चीड येते ती कंबरपट्ट्याची. ओझ्याचा मोठा भाग खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरावा, यासाठी हा पट्टा रुंद, ताठ आणि आतून गादी भरलेला लागतो. इथे मात्र वजन कमी करण्याच्या नावाखाली बोटभर रुंदीची नायलॉनची पट्टी शिवलेली असते, जी पोटात रुतते आणि भार मुळीच पेलत नाही. एका दिवसाच्या सामानाला ती चालेलही, पण तंबू, शिधा आणि पाणी भरल्यावर संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात.

पाठीची लांबी तर कुणी विचारतच नाही. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून सॅक निवडायची असते आणि सारख्या उंचीच्या दोन माणसांतही ते वेगळे असू शकते, हे सांगितले तर "सबको एक ही साइज आता है" एवढेच उत्तर मिळते. सॅक बनवणाऱ्यांनो, वजन कमी करायचेच तर कापड पातळ वापरा, नको असलेले कप्पे आणि बकल काढून टाका, पण कंबरपट्ट्याला हात लावू नका.