‘टीके’ बालवाडीचा वर्ग पूर्ण दिवस भरला पाहिजे

कॅलिफोर्नियात २०२१ साली केलेल्या कायद्यानुसार ट्रान्झिशनल किंडरगार्टनचा, म्हणजे इथे सगळे ज्याला ‘टीके’ म्हणतात त्या सरकारी बालवाडीचा, विस्तार टप्प्याटप्प्याने होत गेला आणि २०२५-२६पासून १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलासाठी तिची दारे उघडली. फी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही आणि मूल अजून डायपरमध्ये आहे म्हणून प्रवेश नाकारण्याची मुभाही शाळेला नाही. मला हा कायदा मनापासून पटतो. केवळ गरिबांसाठी काढलेल्या योजनेत पालकांना आपली गरिबी पुन्हा पुन्हा कागदोपत्री सिद्ध करावी लागते. टीकेत मात्र हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईचे मूल आणि इंजिनिअरचे मूल एकाच सतरंजीवर बसते. एकाला शू लागते, दुसऱ्याच्या बुटाची नाडी सुटते, तिसरे आईच्या आठवणीने रडू लागते, म्हणून दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे ही अटही योग्यच आहे.

माझा आक्षेप वेळेबद्दल आहे. कायद्याने घातलेले किमान बंधन दिवसाला १८० मिनिटांचे आहे. काही शाळा पूर्ण दिवस वर्ग चालवतात. पण जिथे आठला भरलेला वर्ग साडेअकराला सुटतो, तिथे नोकरी करणाऱ्या आईने मुलाला घ्यायला कसे यावे? आमच्या मराठी घरांत आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात, तेवढा काळ निभावतो. पुढे काय? शाळेनंतरच्या वेळेसाठी राज्याचा वेगळा निधी आहे, परंतु त्याचा हक्क सगळ्याच ठिकाणी सगळ्या मुलांना नाही, त्यामुळे मागच्या दाराने उत्पन्नाचा प्रश्न पुन्हा आत येतोच.

याचे मूळ अनुदानाच्या पद्धतीत आहे. कॅलिफोर्नियात वर्ग अर्धा दिवस चालवा किंवा पूर्ण दिवस, मुलामागे मिळणारे मूळ अनुदान सारखेच असते, मग शाळेने जादा तासांचा खर्च कशातून करायचा? ओक्लाहोमा हे काही सढळ हाताने खर्च करणारे राज्य नव्हे, पण १९९८ साली चार वर्षांच्या सर्व मुलांसाठी मोफत बालवाडीचा कायदा करणाऱ्या त्या राज्यात पूर्ण दिवसाच्या वर्गाला अर्ध्या दिवसापेक्षा अधिक अनुदान मिळते.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने हाच फरक आपल्या अनुदानाच्या सूत्रात आणावा, आणि तोही येत्या अर्थसंकल्पातच, कारण आज चार वर्षांचे असलेले मूल पुढच्या वर्षी टीकेच्या वयाचे राहणार नाही.