खुकरी ‘दहापैकी आठ वेळा’ वाचवणाऱ्याला उत्तर

रविवारी सकाळी काकूंनी दारातूनच हाक मारली. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्यात त्या समोरच्या खोल्यांत राहतात. त्यांचे यजमान आपल्या नौदलाच्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर होते. ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, शत्रूच्या पाणबुडीने ते जहाज बुडवलं तेव्हा काकूंना तेविसावं लागलेलं आणि मुलगी सात महिन्यांची. काकूंनी दोन्ही हातांत धरलेला फोन माझ्यापुढे केला. नातवाने पाठवलेला व्हिडिओ होता. “हा मुलगा म्हणतोय साहेबांची चूक झाली. वाचवता आलं असतं का रे यांना?”

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं. पाणबुडीयुद्धाचे सिम्युलेटर गेम शंभर टक्के खऱ्यासारखे असतात, नौदलंसुद्धा त्यांच्यावरच शिकतात. अशा गेममध्ये ‘खुकरीची लढाई’ दहा वेळा खेळली, आठ वेळा जहाज वाचलं. म्हणजे खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला चुकले. आमच्याकडच्या तीन ग्रुपांवर हे फिरतंय आणि लोक खाली टाळ्या टाकतायत. मी स्वतः पंधरा वर्षं हे गेम खेळतोय, सुट्टीच्या रात्री जागून खेळलोय. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी तो ‘दहापैकी आठ’चा आकडा. व्हिडिओतला पडदा बघताक्षणी ओळखला, गेम ‘डेंजरस वॉटर्स’ आहे, २००५ सालचा. त्यात खेळणाऱ्याच्या हाती मिळणारी युद्धनौका एकच, अमेरिकेची पेरी वर्गाची फ्रिगेट. या पठ्ठ्याने मोहीम तयार करायच्या सोयीतून तिलाच खुकरी म्हटलं आणि खेळला. त्या वर्गातलं पहिलं जहाज नौदलात आलं १९७७ साली, म्हणजे खुकरी बुडाल्यावर सहा वर्षांनी. त्याच्यामागे लांब केबलला ओढत न्यायचा सोनार (पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र), डेकवर पाणबुड्या शोधणारी हेलिकॉप्टरं. आपली खुकरी पन्नाशीच्या दशकातली ब्लॅकवुड वर्गाची छोटी ब्रिटिश फ्रिगेट. ना ओढता सोनार, ना हेलिकॉप्टर. समोर पाकिस्तानची हँगोर, फ्रेंच बनावटीची, जेमतेम दोन वर्षं सेवेत असलेली पाणबुडी, जिचा सोनार खुकरीच्या कितीतरी पुढचा. हा फरक व्हिडिओत एका शब्दाने सांगितलेला नाही. दुसऱ्याच जहाजात बसून मिळवलेला आकडा आहे हा, आणि त्यावरून बुडालेल्या माणसाला दोषी ठरवलंय.

आता व्हिडिओतली बाकीची वाक्यं. “सोनारवर पाणबुडी दिसतेच.” नाही दिसत. गेममध्ये नकाशावर लाल खूण येऊ शकते, कारण संगणकाला पाणबुडी कुठे आहे ते आधीच माहीत असतं. खरा सोनारवाला ऐकतो. काकूंना हे समजवायला मी खिडकी लावून घेतली आणि डोळे मिटायला सांगितले. वखारभागाकडून एक ट्रक गेला. “कुठून गेला?” काकूंनी बरोबर हात केला. “किती लांबून?” त्या गप्प झाल्या. नुसतं ऐकून दिशा मिळते, अंतर मिळत नाही. अंतर काढायला आपण जागा बदलत, पुन्हा पुन्हा ऐकत हिशेब करायचा, तोही समोरचा सरळ जातोय असं धरून. आपणच पाण्यात आवाज करून त्याचा प्रतिध्वनी ऐकला तर अंतर मिळतं, पण आपण कुठे आहोत ते समोरच्याला त्याच्याआधी कळतं. शिवाय समुद्राचं वरचं पाणी ऊबदार, खालचं गार. त्या सीमेवर आवाज वाकतो आणि खालची पाणबुडी वरच्या जहाजाला पुष्कळदा ऐकूच येत नाही. बहुतेक गेममध्ये हा थर म्हणजे ठरावीक खोलीवरची एक रेघ असते. खऱ्या समुद्रात तो जागेगणिक आणि तासागणिक बदलतो.

त्या दिवशी काय घडलं ते खुद्द शत्रूच्या तोंडून ऐका. हँगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांनी पुढे हा हल्ला तपशिलाने सांगितलाय. पहाटे त्यांना खुकरी आणि किरपाण या दोन जहाजांचा माग लागला. तिथून दिवसभर पाठलाग, कारण पाण्याखाली पाणबुडी हळू चालते. संध्याकाळी पेरिस्कोप वर काढला तर अंधारात काहीच दिसेना, जहाजांनी दिवे मालवलेले. मग ते पुन्हा खोल गेले आणि फक्त आवाजावर नेम धरला. किरपाणवर सोडलेला पहिला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जहाजावर जाणारं स्फोटक अस्त्र, फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. आता व्हिडिओतली लढाई बघा. पाठलागाचा भाग वेळ शेकडो पट पळवून काढलेला, आणि शत्रू कुठून येणार हे खेळणाऱ्याला ठाऊक. मुल्लांना दीवच्या समुद्रात पाणबुडी आहे एवढं माहीत होतं, तिलाच शोधायला ते निघाले होते. कुठे आहे, ते माहीत नव्हतं.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. खुकरीचा वेग त्या वेळी कमी होता, हे व्हिडिओत बरोबर आहे आणि त्यावर नौदलातही प्रश्न विचारले गेले. पण कारण गाळलंय. सोनारचा पल्ला वाढवायला एका तरुण अधिकाऱ्याने केलेलं उपकरण जहाजावर तपासलं जात होतं आणि त्याला कमी वेग लागत होता. आपला सोनार तोकडा पडतो हे ठाऊक होतं, म्हणून तर ती धडपड. तो अधिकारीही जहाजाबरोबर गेला. व्हिडिओतला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द इथे कुठून आला?

“नौदलं याच गेमवर शिकतात.” हे अर्धं खरं. डेंजरस वॉटर्स बनवणारी सोनालिस्ट्स कंपनी अमेरिकी नौदलासाठीही काम करायची, त्यामुळे गेममधल्या बऱ्याच गोष्टी नेटक्या आहेत. त्यातून शिकायला मिळतं, मीही शिकलो. पण दुकानात मिळणारा गेम म्हणजे नौदलाचं प्रशिक्षण नव्हे.

“टॉर्पेडो सुटला की काम झालं.” वर किरपाणचं वाचलंत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे दहा फूट खालून जायचा, आणि नेमका लागला तरी पुष्कळदा फुटायचा नाही. सगळे दोष निघायला १९४३ संपत आलं. ‘सायलेंट हंटर’ या पाणबुडीच्या गेममध्ये न फुटणारे टॉर्पेडो आहेत, पण ती सोय बंद करूनही खेळता येतं.

“आता सगळं कॉम्प्युटर करतो, धोका नाही.” फेब्रुवारी २०१४ मध्ये आपल्या आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीत धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. तेव्हा समोर शत्रू नव्हता.

खुकरीबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. मुल्लांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. व्हिडिओवाल्याला मी लिहिलंय की जहाज पेरी वर्गाचं होतं हे ठळक लिही आणि ‘कॅप्टनची चूक’ हे शब्द काढ. अजून उत्तर नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे जे करता येण्यासारखं होतं ते करत होते ना रे ते?” मी हो म्हटलं. “मग हे सगळं मराठीत लिहून दे. नातवाला पाठवायचंय.”