फोर-बाय-फोर असली म्हणून बर्फात वाटेल ते टायर चालत नाहीत

थंडी पडली की गाडीवाल्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ‘गाडी फोर-बाय-फोर असेल तर विंटर टायरवर पैसे घालवू नका. टायरवर “एम अधिक एस” (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं असलं की तो बर्फाला चालतो. त्याहून दणकट हवा तर मड टायर (चिखलासाठीचा) घ्या, जितका रुंद तितका चांगला. हवा निम्मी करा. फारच भीती वाटली तर पुढे दोन विंटर टायर टाका.’ यातलं एखाद-दुसरं वाक्य ठरावीक परिस्थितीत खरं आहे. त्याच्या आडून बाकीचंही खपून जातं.

‘फोर-बाय-फोर असेल तर टायर बदलायची गरज नाही.’ फोर-बाय-फोर इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देते. त्यामुळे गाडी जागची हलते आणि चढ चढते. ब्रेक मात्र साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबण्यात आणि वळण्यात प्रश्न उरतो तो रबर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा. दबलेल्या बर्फावर एका टायरचा घर्षणांक ०.३ आणि दुसऱ्याचा ०.२ धरा. ताशी ५० किलोमीटर वेगावरून पहिली गाडी साधारण ३३ मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४९ मीटर लागतात. त्याहून बोलका हिशेब असा की पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे चाललेली असते. या गणितात गाडीचं वजन येतच नाही, त्यामुळे ‘आमची गाडी जड आहे, चिकटून बसते’ हेही इथे लागू पडत नाही.

उलट फोर-बाय-फोरची एक अडचणच आहे. इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळणारी गाडी निघतानाच चाकं फिरवते आणि रस्ता निसरडा असल्याचं सांगून टाकते. फोर-बाय-फोर गुपचूप वेग घेते, आणि पकड किती कमी आहे ते पहिल्या ब्रेकला कळतं. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) लॉक केलेलं असेल तर वळणावर गाडी सरळ जायला बघते, ते वेगळंच.

‘एम अधिक एस म्हणजे बर्फाचा टायर.’ हा शिक्का नक्षीच्या रचनेवरून टायर बनवणारी कंपनी स्वतःच देते. त्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची नाही. बघायचं ते दुसरं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. हे मिळवायला टायरला बर्फावरच्या चाचणीत तुलनेसाठी ठरवलेल्या टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत नुसता एम अधिक एस चालत नाही, हे डोंगराचं चिन्हच लागतं.

पण या चिन्हालाही मर्यादा आहे. चाचणी दबलेल्या बर्फावर, सरळ रेषेत होते. गोठून काच झालेल्या रस्त्यावर टायर कसा थांबेल, हे ती सांगत नाही. म्हणून हेच चिन्ह असलेला ऑल-सीझन टायर आणि कडक थंडीच्या प्रदेशांसाठी बनवलेला मऊ विंटर टायर यांना एकाच पारड्यात तोलू नये. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी रबर कडक होत जातं. विंटर टायरचं मिश्रण गारठ्यातही लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. ठोकळा दाबला गेला की या चिरांच्या कडा बर्फाला चावतात.

आणि नेमक्या याच दोन गोष्टी मड टायरमध्ये नसतात. त्याचे ठोकळे मोठे आणि ताठ, मधल्या खाचा रुंद, बारीक चिरा नावापुरत्या. चिखलात त्या खाचांनी माल बाहेर फेकणं चांगलं. बर्फात खाचेत थोडा बर्फ अडकून राहिलेला हवा असतो, कारण बर्फाची पकड बर्फावर उत्तम बसते. ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात मड टायर खणत खणत पुढे जातो, हे मान्य. दबलेल्या बर्फाच्या रस्त्यावर तोच गुळगुळीत पट्ट्यासारखा वागतो. कच्चे रस्ते आणि बर्फ दोन्ही असतील तर डोंगराचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीचा) टायर ही समजण्यासारखी तडजोड आहे.

रुंदीचा गैरसमज बहुधा आइसलँडच्या हिमनद्यांवरच्या गाड्यांचे फोटो बघून झालेला असावा. तिथे ३८ ते ४४ इंची टायर अगदी कमी हवेवर चालवतात, कारण पायाखाली खोल बर्फ असतो आणि त्यावर तरंगायचं असतं. रस्त्यावर चार बोटं बर्फ किंवा पाणचट राड असते. तिथे अरुंद टायर ती कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचतो, रुंद टायर वर चढून घसरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापांपैकी अरुंद माप घ्या. भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको.

हवेचंही तसंच. रस्ता सोडून खोल बर्फात अडकलात तर १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरवून, अगदी हळू चालवून निघता येतं. त्याखाली गेलात तर साध्या रिमवरून टायरची कड सुटू शकते. रस्त्यावर परतलात की लगेच भरा, म्हणजे कॉम्प्रेसर गाडीत असायलाच हवा. डांबरी रस्त्यावर निम्म्या हवेवर टायरच्या भिंती लवतात, तापतात आणि स्टिअरिंग ढिलं पडतं. खरं तर थंडीत हवा आपोआपच उतरते: दर ६ अंशांना साधारण १ पीएसआय. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३२ भरलेला टायर बाहेर उणे १० अंशांत २७ दाखवतो. त्यामुळे हवा बाहेरच्या गारठ्यात, गाडी चालवण्याआधी मोजायची.

‘पुढे दोन विंटर टायर पुरेत’ हा सल्ला सगळ्यांत वाईट. वळणावर ब्रेक लावला की पुढची चाकं धरतात, मागची सोडतात आणि गाडी गर्रकन फिरते. दोन मागे टाकले तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. फुल-टाइम फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना सतत ताकद मिळते त्या गाडीत, भरीला यंत्रणेचं नुकसान. पुढच्या-मागच्या टायरच्या झिजेत ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर घेरात जवळजवळ १९ मिलिमीटरचा फरक पडतो. मग पुढचे आणि मागचे शाफ्ट सतत वेगळ्या गतीने फिरतात आणि सेंटर डिफरन्शियल किंवा क्लच तापत राहतो. काही कंपन्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक चालवून घेत नाहीत. म्हणजे झिजेत जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून चारही टायर एकाच बनावटीचे, एकाच वेळी घ्या आणि वेळोवेळी पुढचे मागे, मागचे पुढे लावा.

आधीच विंटर टायर असतील तर नक्षीची खोली मोजा. नवा टायर ८ ते ९ मिलिमीटरचा असतो. बऱ्याच ठिकाणी कायदा १.६ पर्यंत चालवू देतो, पण ४ मिलिमीटरच्या खाली बर्फावरची पकड झपाट्याने जाते. ऑस्ट्रियाने तर रेडियल विंटर टायरसाठी ४ हीच किमान मर्यादा धरली आहे. खोली टायरच्या रुंदीत तीन ठिकाणी मोजा, कारण हवा कमी-जास्त राहिलेल्या टायरची झीज कडेला वेगळी आणि मध्ये वेगळी असते.