आम्हाला साक्षीला बोलावू नका

जुन्या मित्रमंडळींत पुन्हा तोच वाद पेटला आहे. एक म्हणतो, विज्ञान आता आभासी प्रयोगशाळेतच शिकवा, परदेशात सगळं व्हीआरवरच, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगातच चालतं. दुसऱ्याच्या मते हा पोरखेळ. परीक्षानळी हातात धरल्याशिवाय विज्ञान येत नाही. आणि शेवटी दोघेही माझ्याकडे वळतात, "तू तर तिथेच आहेस, सांग की!"

सांगते. इकडे सगळं हेडसेटवर चालत नाही. २००३ साली सेकंड लाइफ हे संगणकावर बाहुलं होऊन फिरायचं आभासी जग निघालं, मग काही वर्षांत नामांकित विद्यापीठांनी त्यात बेटं घेतली, सभागृहं उभारली, ओळीने खुर्च्या मांडल्या. पुढे त्यातली बरीचशी ओस पडली. भाषणच ऐकायचं, तर बाहुलं होऊन कशाला? कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात हेडसेट घातलेल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत असल्याचा भास जास्त झाला, पण साध्या पडद्यावर शिकणाऱ्यांपेक्षा ते शिकले कमी. हे आमच्या परदेशभक्तांना कोणी सांगायचं?

पण म्हणून पोरखेळवाल्यांची बाजू घ्यावी, तर तेही जमत नाही. मी नॉर्वेत स्टावांगरला नर्सिंग शिकवते. थांबलेलं हृदय चालू करण्याचा सराव ज्या ॲनी नावाच्या बाहुलीवर जगभर होतो, ती १९६० साली याच गावात बनली. (हे मी प्रत्येकाला सांगते, घरचे कंटाळलेत.) प्राक्सिसला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष सरावाला, जाण्याआधी विद्यार्थी हेडसेट घालून आभासी वॉर्डात शिरतात. परवा एकीचा रुग्ण धापा टाकत होता, ऑक्सिजनचा आकडा ८४ वर आलेला, आणि ही नोंदी वाचत उभी. खाटेची डोक्याकडची बाजू उचलायचं तिला सुचलंच नाही. खऱ्या वॉर्डात मी केव्हाच मध्ये पडले असते. इथे पडले नाही. मग हेडसेट काढून आम्ही गोल बसलो. तिने काय पाहिलं, काय पाहूनही दिसलं नाही, यावर खेळापेक्षा दुप्पट वेळ बोललो. शिकणं झालं ते त्या खुर्च्यांवर. नुसतं यंत्र घेऊन ही बैठक वगळलीत, तर पैसे पाण्यात.

मित्रांना हे लिहिलं. वर उपदेशही केला की ओलॅब्स ही आभासी प्रयोगशाळेची वेबसाइट मराठीत आहे, फुकट आहे, प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुलांना त्यात चुकू द्या, मग परीक्षानळी हातात द्या. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्सही, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, मराठीत आहेत. लेकीला मी तिथलं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन हट्टाने मराठीत लावून दिलं. तिने दोन तारा जोडल्या, दिवा लागला, आणि मग शांतपणे पान नॉर्वेजियनमध्ये बदललं. हे मात्र मित्रांना कळवलं नाही.

उत्तर आलं, "एका संगणकामागे किती मुलं बसतात, माहीत आहे तुला?" नाही. मी शेवटचा तिकडचा वर्ग पाहिला तो विद्यार्थिनी म्हणून, आणि तेव्हा फळाच होता. प्रश्न झोंबला, कारण इतकी वर्षं मी तिकडच्या वर्गांबद्दल तिथलीच असल्यासारखी बोलत आले. पण आकडा कळवा. एकामागे चार बसत असतील तर चौघांत एक माउस कसा फिरवायचा, त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच आहे.