‘आय-टू-सीला रेझिस्टर लागत नाही’ म्हणे!

"आय-टू-सी म्हणजे दोन वायरी. दोन्ही पिना आउटपुट करा, १ लिहिला की हाय, ० लिहिला की लो. पुल-अप रेझिस्टर हा दुकानदारांचा धंदा. ८०५१ चे चारही पोर्ट सारखेच." कोल्हापुरातल्या डिप्लोमाच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या पुतण्यापर्यंत पोचला आणि पठ्ठ्याने आपल्या घड्याळाच्या ब्रेडबोर्डवरचे दोन्ही रेझिस्टर उपटले. आता गप्प बसवत नाही. आय-टू-सी म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायची दोन वायरींची बस: एसडीएवर डेटा, एससीएलवर क्लॉक. पुल-अप म्हणजे लाइन हायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर. आणि ८०५१ हा एक जुना मायक्रोकंट्रोलर.

सगळ्यात घातक आहे ते पिना आउटपुट करण्याचं. या बसवर लाइन जोर लावून हाय कुणीच करायची नसते. खाली ओढायची, नाहीतर सोडून द्यायची. वर नेतो तो रेझिस्टर. आठ बिट गेले की नवव्या क्लॉकला समोरची चिप एसडीए खाली ओढून ॲक, म्हणजे ‘मिळालं’ अशी पावती, देते. तेव्हा तुमची पिन १ वर ठाण मांडून बसलेली असेल, तर दोघांची झोंबाझोंबी, आणि करंटला आडकाठी फक्त आतल्या ट्रान्झिस्टरांची. फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेल्या या बसचं स्पेसिफिकेशन, यूएम१०२०४, फिलिप्सच्याच चिप-विभागातून निघालेली एनएक्सपी कंपनी आज फुकट देते. उघडा की राव! स्टँडर्ड मोडमध्ये चिपने ३ मिलिअँपिअर ओढून लाइन ०.४ व्होल्टपर्यंत खाली ठेवावी, एवढीच अपेक्षा. एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरची पिन त्याच्या कितीतरी पट देते. मग ॲक कधी मिळतो, कधी नाही, आणि खापर ‘डुप्लिकेट चिप’वर. वेळ मागायला क्लॉक लो धरून ठेवणारी चिप असली तर एससीएलवरही हाच तमाशा.

एव्हीआरवर (एटीमेगा याच घराण्यातला) पोर्टचा बिट कायम ० ठेवा आणि फक्त डीडीआर, म्हणजे पिन इनपुट की आउटपुट ते ठरवणारं रजिस्टर, हलवा: १ केला की लो, ० केला की लाइन मोकळी. वाचायचं पिन रजिस्टरमधून.

बरं, पुतण्याचं घड्याळ रेझिस्टर काढूनही चाललं, हे मान्य. मॉड्युलवर रेझिस्टर आधीच बसवलेले होते, त्यातल्या डीएस१३०७ या घड्याळाच्या चिपचा एससीएल नुसता इनपुट आहे आणि कोडमध्ये ॲक कुणी बघतच नव्हतं. चालणारच.

एव्हीआरच्या आतला पुल-अप पुरतो म्हणणाऱ्यांनी गणित करावं. तो २० ते ५० किलोओहमचा. ३० किलोओहम आणि लाइनची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर लाइन वर यायला अडीच मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला मुभा एका मायक्रोसेकंदाची. ४.७ किलोओहमला ०.४ पुरतात.

८०५१ चे पोर्ट सारखे? पी० ला (पोर्ट ०) आतला पुल-अपच नाही, १ लिहिला की पिन लोंबकळते. पी१ ला आहे, पण वाचण्याआधी लॅचमध्ये (पिनेवर काय द्यायचं ते धरून ठेवणारा बिट) १ लिहा, नाहीतर आतलाच ट्रान्झिस्टर पिन खाली धरून बसतो आणि समोरच्याने काहीही पाठवलं तरी तुम्हाला ० च दिसतो.